बी.कॉम.च्या वेळापत्रकात रंधा: नागपुरातल्या एका ओपन इलेक्टिव्हचा प्रकरण अभ्यास

नागपुरातल्या एका स्वायत्त महाविद्यालयाने पदवीच्या तिसऱ्या सत्रात ‘लाकूडकाम’ हा दोन श्रेयांकांचा ओपन इलेक्टिव्ह सुरू केला. कॉलेजात शाखा दोनच, वाणिज्य आणि विज्ञान. सुतारकाम जाणणारा एकही प्राध्यापक नव्हता, वर्कशॉप नव्हतं. सायकल स्टँडमागे पत्र्याची एक रिकामी शेड तेवढी होती. शिकवायला आले शहराच्या महाल भागातले एक मिस्त्री, तीन पिढ्यांचे वाढई, आणि त्यांच्या हाताखाली त्यांचा भाचा. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी हा विषय बंद करावा अशी चर्चा प्राचार्यांच्या केबिनमध्ये झाली. सत्र संपलं तेव्हा पुढच्या वर्षासाठी मुलं नावं नोंदवत होती. दरम्यान अभ्यासक्रमाची एक ओळही बदललेली नव्हती, फक्त वेळापत्रक बदललं होतं.

मी या कॉलेजात कॉस्टिंग शिकवते आणि या विषयाची समन्वयक होते. हे सविस्तर लिहून ठेवण्याचं कारण असं की हाताने करायचे विषय आता राज्यभर निघताहेत, आणि त्यांच्यासाठी होणाऱ्या बैठकांत अभ्यासक्रमाच्या घटकांवर तास जातात, तो विषय आठवड्यात कुठे बसणार यावर कुणी बोलत नाही.

चौकट

ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा विषय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालचं. महाराष्ट्राने त्यानुसार पदवीचा आराखडा एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने ठरवला. स्वायत्त महाविद्यालयांत तो २०२३-२४ पासून आला, संलग्न महाविद्यालयांत त्याच्या पुढच्या वर्षी. बी.कॉम.च्या मुलाने ओपन इलेक्टिव्ह वाणिज्याचा घ्यायचा नाही, असा त्यात दंडकच आहे. कागदावर हे दार चांगलं रुंद आहे. प्रत्यक्षात बहुतेक कॉलेजं शेजारच्या विभागाचा एखादा पुस्तकी विषय त्यात बसवतात. प्राध्यापक हाताशी असतात, त्यांचा कार्यभार भरायचा असतो, आणि खडू-फळ्याला वेगळी जागा लागत नाही.

श्रेयांकांचा हिशेब सोपा आहे. तासिकांचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाचा एक म्हणजे ३०. दोन श्रेयांकांचं लाकूडकाम म्हणजे ६० तास, पंधरा आठवड्यांत दर आठवड्याला ४. हे चार तास कसे वाटायचे, यावरच पुढे सगळं अडलं.

पहिली वस्तू कोणती करायची हे मिस्त्रींनी ठरवलं. अभ्यास मंडळाच्या मसुद्यात पेन-स्टँड आणि मोबाइल ठेवायची घडवंची होती. मिस्त्रींनी माझ्याकडून तो कागद वाचून घेतला आणि म्हणाले, ‘‘मॅडम, पोळा येऊन राहिला. पोट्ट्यायले नंदी करू द्या ना.’’

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पोळा खऱ्या बैलांचा आणि मोठ्यांचा. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, लहान पोरांचा तान्हा पोळा. पोरं लाकडाचा नंदी सजवतात, दोरीने ओढत घरोघर नेतात आणि घरची माणसं त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवतात. त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे वाईटाच्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. तान्हा पोळा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केला असं इथे सांगतात. पोळ्याच्या आधी महाल-इतवारीत रस्त्याच्या कडेने नंदी मांडलेले असतात, वितीएवढ्यापासून माणसाच्या उंचीपर्यंत. म्हणजे ज्या वस्तूकडे प्रत्येक नागपूरकर मूल लहानपणी हात पसरून गेलेलं असतं, तीच आता त्याने स्वतः करायची. शिवाय नंदीत सगळी विद्या येते: करवतीने कापणं, रंध्याने सपाट करणं, पटाशीने कोरणं, गिरमिटाने भोक पाडणं, पाय पाटात बसवताना कूस आणि साल, म्हणजे लाकडाचं टोक आणि ते बसायची खाच. आणि एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. पोळ्याची तारीख पुढे ढकलता येत नाही. सबमिशनची तारीख ढकलता येते हे मुलांना पहिल्याच वर्षी कळलेलं असतं.

जागा चोवीस होत्या, त्या भरल्या. लाकडाच्या ओढीने आलेली चार-दोनच असतील. बाकीच्यांना वाटलं होतं की यात लेखी पेपर नाही, म्हणजे अवघड नसणार. जिच्याबद्दल मी जास्त लिहिणार आहे ती बी.कॉम.ची विद्यार्थिनी कामठीहून अप-डाउन करायची, सीए फाउंडेशन सुटलेली, संध्याकाळी इंटरचा क्लास. वडिलांना हा विषय मुळीच पसंत नव्हता. ‘‘सीए करून राहिली का वाढईकाम?’’ असं ते फोनवर मलाही म्हणाले. त्यांची काळजी खरी होती. क्लासची फी भरून पोरगी तिथे पोचवायची आणि तिने इथे ठोकळे तासायचे, हे कोणत्याही बापाला विचारात पाडणारं आहे.

एका तासात काय होतं

वेळापत्रक समितीने सगळ्या ओपन इलेक्टिव्हना मिळून एक सामाईक तास ठेवला होता, सोमवार ते गुरुवार, दुपारी १२ ते १. दोन शाखांची मुलं एका वर्गात बसवायची तर सामाईक तास लागतोच, त्यामुळे समितीचं काही चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. फळ्यावर शिकवायच्या विषयांना तो तास उत्तम चालला.

शेडमधला तोच तास असा जायचा. बाराला आधीचं लेक्चर सुटतं. मुलं तीन मजले उतरून शेडमध्ये येईस्तोवर बारा-दहा. हजेरी, पेटीतून हत्यारं मोजून देणं, कालचा अर्धवट ठोकळा शोधून शिकंज्यात आवळणं, यात आणखी दहा मिनिटं. मग लक्षात येतं की पटाशीला धार नाही. काल ती गाठीवर मारलेली असते. दगडावर पाणी घालून पातं एका कोनात टेकवायचं आणि मनगट न हलवता मागे-पुढे न्यायचं. कोन डगमगला की धार गोल होते आणि पटाशी लाकडात शिरण्याऐवजी वर सरकते. नवख्या हाताला यात वीस मिनिटं सहज जातात. धार आली की नाही हे बघायला मिस्त्री पटाशी नखावर हलकेच टेकवतात. घसरली तर नाही आली, अडली तर आली. इतकं होईपर्यंत पावणेएक वाजत आलेला असतो आणि भाचा झाडू घेऊन उभा, कारण एकच्या आत भुसा उचलायचा, ढलप्या पोत्यात भरायच्या, हत्यारं मोजून पेटीत ठेवायची. पाठीवरून चार ढलप्या काढल्या की तास संपला.

चिकटवण्याच्या कामात तर तास आणखी लहान व्हायचा. दोन फळ्यांना फेविकॉल लावून शिकंज्यात आवळलं की त्या हलवायच्या नाहीत, आणि शिकंजे होते सहा. पुढची जोडी दुसऱ्या दिवशी.

तीन आठवड्यांत बारा तास झाले, म्हणजे विषयाचा पाचवा हिस्सा संपला, आणि एकाही ठोकळ्यात बैल दिसत नव्हता. मग मुलांनी त्यांना येतं ते केलं. फाइल करायला घेतली. हत्यारांची चित्रं, सागवानाची माहिती, रंगीत मुखपृष्ठ, स्पायरल बाइंडिंग. परीक्षा विभागालाही फाइल बरी वाटत होती, तपासता येते आणि कपाटात ठेवता येते. मला सर्वांत जास्त भीती याचीच होती. असा विषय कुणी उघडपणे बंद करत नाही. तो हळूहळू फाइलमध्ये सरकतो, नाव तेच राहतं, गुणपत्रिकेवर श्रेयांक येतात आणि शेडमध्ये पुन्हा जुन्या सायकली उभ्या राहतात.

ते आधी बोलले मिस्त्रीच. ‘‘मॅडम, एका तासात धार लागते जी, काम नाही होत. मी रोज येऊन नुसतं आवरूनच राहिलो. पैसे घ्याले बरं नाही वाटत.’’

शनिवार

प्राचार्यांपुढे दोन पर्याय होते: या वर्षापुरता विषय थांबवून मुलांना दुसऱ्या इलेक्टिव्हमध्ये हलवायचं, किंवा चार तास सलग द्यायचे. सलग चार तास फक्त शनिवारी सकाळी मिळत होते, आणि शनिवार कुणालाच नको होता. कामठी, हिंगणा, बुटीबोरीहून येणाऱ्यांसाठी तो एकाच विषयाकरता केलेला हेलपाटा होता. सीएवाल्यांचे शनिवारी टेस्ट पेपर असतात. शेडची किल्ली, वीज, जखम झाली तर जबाबदार कोण, हेही प्रश्न होतेच.

समितीपुढे मी दोन दाखले ठेवले, दोन्ही महाराष्ट्रातलेच. पहिला इथून पंचाहत्तर किलोमीटरवरच्या वर्ध्याचा. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची, म्हणजे हाताने काम करत शिकण्याच्या शिक्षणाची, योजना आखायला झाकिर हुसेन समिती नेमली गेली. त्या समितीने शाळेचा दिवस साडेपाच तासांचा धरला आणि त्यातले ३ तास २० मिनिटं मूलोद्योगाला, म्हणजे शिक्षणाच्या मुळाशी असलेल्या हस्तोद्योगाला, दिली. मातृभाषेला ४० मिनिटं, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून ३०. नई तालीमची चर्चा आपल्याकडे श्रमप्रतिष्ठा, स्वावलंबन अशा शब्दांत होते. मला त्या अहवालातलं हे वेळापत्रक जास्त बोलकं वाटतं. सूत कातायला किंवा लाकूड तासायला बसलेल्या मुलाला सलग वेळ लागतो हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते लिहिलं आहे.

दुसरा दाखला पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचा. डॉ. श्रीनाथ कलबागांनी तो १९८३ मध्ये सुरू केला. शाळांसाठीचा त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवड्यातला एक अख्खा दिवस मागतो. याच पाबळमध्ये २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, उभी राहिली, त्या संस्थेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. तिच्यामागे एमआयटीत १९९८ पासून चाललेला, जवळपास काहीही बनवायला शिकवणारा एक अभ्यासक्रम होता; कुठल्याही विभागाच्या विद्यार्थ्याने यावं आणि यंत्रावर बसून वस्तू करावी, असा. जगात नावाजलेला हा इलेक्टिव्ह आणि पाबळची शेतावरची शाळा एकमेकींना भेटल्या त्या अशा. पाबळचा एक दिवस आणि वर्ध्याचे तीन तास वीस मिनिटं यांच्यापुढे आमची मागणी चार तासांची होती, आणि चार तास तर आम्हांला आधीच मंजूर होते. फक्त ते तुकड्यांत मिळत होते.

चौथ्या आठवड्यापासून शनिवारी सकाळी ८ ते १२ ठरलं. बारा शनिवारांचे ४८ आणि झालेले १२, असे साठ तास पुरे होत होते. चार मुलांनी विषय सोडला. त्यांतल्या दोघांचे हात चांगले चालत होते, पण बुटीबोरीहून शनिवारी सकाळी आठला पोचणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. सलग वेळेची ही किंमत आहे आणि ती लांबून येणाऱ्या मुलांनी मोजली, हे प्रकरणाच्या नोंदीत राहिलंच पाहिजे.

अडकलेलं चाक

चार तास सलग मिळाल्यावर दोन शनिवारांत ठोकळ्यांना पाठ आली, वशिंड आलं. मिस्त्री कुणाच्या हातातलं काम घेऊन स्वतः करत नसत. शेजारी आपला ठोकळा घेऊन बसत आणि मुलांनी बघावं. एकच नियम ते मोठ्याने सांगत: धारेच्या पुढे हात नको.

कामठीच्या मुलीचं काम सगळ्यांत काटेकोर होतं. तिने भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून व्हर्निअर कॅलिपर आणला होता. नंदीच्या पाटाखाली दोन लाकडी आख आणि चार चाकं असतात. तिचा आख १६ मिमीचा, आणि चाकाची भोकं तिने घासून घासून १६.१ वर आणली होती. चाक बोटाने फिरवलं की गुळगुळीत फिरायचं. शेजारी मिस्त्रींच्या नंदीची चाकं मात्र खडखडत. ती मला हळूच म्हणाली की काकांचं काम तसं ढोबळच आहे. मिस्त्रींनी तिची चाकं फिरवून पाहिली, हसले आणि म्हणाले, ‘‘मस्त केलं बेटा. पान्याचे दिवस आहेत, पाहू.’’

पाऊस लागला. त्यानंतरच्या एका शनिवारी तिची चारही चाकं जाम झालेली होती. ओढलं की नंदी घसरायचा, चाक फिरायचं नाही.

मला जी सकाळ फार मोलाची वाटते ती ही. मिस्त्रींनी कानस पुढे केली होती, भोक मोठं कर म्हणून. तिने कानस घेतली नाही, कॅलिपर घेतला. आख मोजला, १६.२ भरला. बी.एस्सी.चा एक मुलगा येऊन बसला आणि त्याने भोक एका बाजूनेच नाही, दोन दिशांनी मोजलं. लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, आडव्या दिशेने भोक १६.३ झालं होतं, रेषेच्या उभ्या दिशेने १६.१ ला जिथल्या तिथे. भोक आता गोल राहिलंच नव्हतं. लाकूड ओलावा घेतं तेव्हा रेषेच्या आडवं फुगतं आणि रेषेच्या लांबीत जवळपास बदलत नाही. चाक फळीतून कापलेलं असल्याने त्याच्या भोकाला एक उभी दिशा होती आणि एक आडवी. आखाची लांबी मात्र रेषेच्या दिशेने होती, म्हणून त्याची जाडी सगळीकडून वाढली. जिथे भोक वाढलं नाही नेमक्या त्या ठिकाणी आख रुतला.

हे लाकूड आम्ही मे महिन्यात लकडगंजातल्या आरामशिनीवरून आणलं होतं. नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ च्या आसपास आणि हवेत ओल अशी नाहीच. तेच लाकूड ऑगस्टच्या हवेत आलं. इथल्या प्रत्येक घरात पावसाळ्यात एखादा दरवाजा चौकटीत आवळतो आणि दिवाळीनंतर आपोआप सुटतो. सगळ्यांनी तो पाहिलेला असतो. पण दरवाजा आणि हे चाक यांचा संबंध त्या सकाळपर्यंत कुणाच्या मनात आला नव्हता.

मिस्त्री मापं ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘पानी पिते ते. त्याले जागा ठेवा लागते. उन्हाळ्यात केलेलं चाक नखभर ढिलं ठेवाचं, पान्यात केलेलं जरा आवळ चालते.’’ म्हणजे त्यांच्या चाकांची खडखड ही ऋतू पाहून ठेवलेली मोकळीक होती. मग तिने गोल कानशीने भोकं वाढवली, आखाला मेण घासलं आणि तिचाही नंदी खडखडत चालू लागला.

सांगून टाकलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं, असं एका सहकाऱ्यांचं मत पडलं. मी ते मानत नाही. सांगितलेलं मुलांनी फाइलमध्ये उतरवून घेतलं असतं. मिस्त्रींनी दोन-तीन आठवडे वाट पाहिली, आणि वाट पाहणं शक्य झालं कारण सत्र हातात होतं आणि पाऊस ठरल्या वेळी येणार हे त्यांना माहीत होतं. अशा विषयात शिकवण्याचा भाग म्हणून वाट पाहावी लागते. चार तासिकांच्या तुकड्यांत ती शक्यच नव्हती.

त्याच नंदीवर तिने कॉस्ट शीट केली, ती मी सांगितली नव्हती. शरीराचा ठोकळा १२ बाय ८ बाय ४ इंच, म्हणजे ३८४ घनइंच. घनफुटात १७२८ घनइंच, म्हणून लाकूड लागलं ०.२२ घनफूट. कोरून झाल्यावर त्यातलं निम्म्याच्या आसपासच उरलं, बाकी पोत्यात. कॉस्टिंगमध्ये आम्ही सामान्य हानी आणि असामान्य हानी शिकवतो: सामान्य हानीचा खर्च चांगल्या मालावर चढतो, असामान्य हानी नफा-तोटा खात्याला जाते. ढलप्या सामान्य हानी, यात वाद नव्हता. वाद झाला तो एका मुलाच्या ठोकळ्यावरून. आत लपलेली गाठ निघाली आणि नंदीचं मुंडकं चिरलं. ही हानी सामान्य की असामान्य? मुलगा म्हणाला असामान्य, कुणाला दिसणार होतं? मिस्त्री म्हणाले, लाकूड घेतलं तर काही ठोकळे असे निघतातच, ते आम्ही भावात धरूनच चालतो. म्हणजे सामान्य. पुस्तकातली व्याख्या हीच आहे, अपेक्षित असलेली हानी. मात्र अपेक्षा कुणाची, हा प्रश्न माझ्या वर्गात आजवर कुणी विचारला नव्हता. त्या दिवशी तो विचारला गेला, आणि उत्तर असं निघालं की धंद्यात मुरलेल्या माणसाची.

तिच्या शीटमध्ये शेवटची ओळ मजुरीची होती. तिने स्वतःचे तास लावले तेव्हा तिचा नंदी बाजारातल्या तेवढ्याच नंदीच्या कितीतरी पट महाग निघाला. तिथून ती मिस्त्रींना विचारत बसली की तुम्ही किती वेळात करता, पोळ्याआधी किती करता, उरले तर काय करता. उरलेला नंदी वर्षभर माळ्यावर राहतो, पैसा त्यात अडकलेला. खेळत्या भांडवलावरचं प्रकरण तिला परीक्षेत होतंच.

पोळ्यापर्यंत वीस नंदी झाले. मुलांनी ते घरच्या, शेजारच्या पोरांना दिले, मारबतीच्या सुट्टीत ते फिरले. दोन शिंगं मोडली, एक चाक निघून आलं. पुढच्या शनिवारी नंदी परत शेडमध्ये आले तेव्हा दुरुस्ती हाच दिवसभराचा पाठ झाला. कोणती शिंगं मोडली, तर रेषा आडवी ठेवून कापलेली. कामठीच्या मुलीचे वडील त्या दिवशी तिला सोडायला गाडीने आले आणि बाराला तिला नेईस्तोवर शेडच्या दाराशी उभे होते.

पोळ्यानंतर चौरंग केला. त्यावर फार लिहीत नाही, एवढंच की वरची फळी चौकटीला पक्की ठोकायची नाही हे आता कुणाला सांगावं लागलं नाही. स्क्रूची भोकं आपणहून लांबट ठेवली गेली. उन्हाळ्यात हाच चौरंग एखाद्या घरी कूलरच्या खोलीत असेल, एखाद्या घरी गच्चीवरच्या कोरड्या खोलीत, आणि दोन्हीकडे फळी वेगळी वागेल, असा हिशेब करून.

मानधन आणि गुण

लेखा विभागाच्या मानधन फॉर्मवर नेट, सेट, पीएच.डी. असे रकाने होते. मिस्त्रींकडे दहावीचंही प्रमाणपत्र नाही. यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची योजना आणली आहे, किमान १५ वर्षांचा अनुभव असेल तर पदवीची अट नाही, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. मिस्त्री त्या अटीत सहज बसतात, पण आठवड्यातल्या एका सकाळसाठी तशी नेमणूक करायला व्यवस्थापन तयार झालं नाही. त्यांना तज्ज्ञ म्हणून सत्रागणिक मानधन मिळालं. गुणपत्रकावर अंतर्गत परीक्षक म्हणून सही माझी आहे. गुण त्यांनी ठरवले. मला हे योग्य वाटत नाही, आणि तसं मी अहवालात लिहिलं आहे.

गुणांची विभागणी शेवटी अशी ठरली: ५० पैकी निम्मे शनिवारच्या कामाला आणि रोजवहीला, निम्मे वस्तूला आणि तिच्यावरच्या बोलण्याला. रोजवहीत काय बिघडलं आणि मग काय केलं हे लिहायचं, चित्रं काढायची नाहीत. वस्तूची परीक्षा म्हणून नंदी पेव्हर ब्लॉकवरून ओढून न्यायचा. परीक्षा विभागाने एक लेखी चाचणी मागितली होती. पुष्कळ बोलणी होऊन तिची जागा तोंडी परीक्षेने घेतली, आणि तोंडीला मिस्त्री बसले. ‘‘ह्या पायाले गाठ काहून ठेवली?’’ असा त्यांचा एकेक प्रश्न असायचा, आणि पाठांतराने त्याचं उत्तर देता येत नव्हतं.

आता अडचण उलटी आहे. नावं जास्त आली आहेत आणि व्यवस्थापनाचं म्हणणं, चोवीसच्या साठ जागा करा, शेड वाढवून देतो. मिस्त्रींच्या मते धारेची हत्यारं चालू असताना एका माणसाची नजर बारा जणांवर राहते. ते आणि भाचा मिळून चोवीस, त्यापुढे नाही. मी त्यांच्या बाजूने आहे. अभ्यास मंडळाच्या येत्या बैठकीत चोवीसच्या दोन तुकड्या, दुसरा मिस्त्री, लाकूड मार्चमध्येच खरेदी, आणि लांबून येणाऱ्यांसाठी एक तुकडी शुक्रवारी दुपारी लेक्चरांना जोडून, असा ठराव मांडला आहे. साठ जणांची एकच तुकडी किंवा पुन्हा एक-एक तासाच्या तासिका, यांतलं काहीही ठरलं तर हा विषय त्या वर्षी देऊ नये, असं समन्वयक म्हणून मी त्याच ठरावाखाली लिहून दिलं आहे.